आपणहून

३ मार्च, मंगळवार

आज पुन्हा आली ती. प्रश्नवाली! खांद्याला झोळी, हातात बोलणं टिपून घेणारं छोटं यंत्र, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू आम्हीच तिला आग्रहाचं बोलावणं धाडलं होतं. विद्यापीठातून येते. माणसं बरं-वाईट कसं ठरवतात ह्याचा अभ्यास करते म्हणे. जेवणाच्या सुटीत लॉन्ड्रीच्या मागच्या बाकावर आमच्यात येऊन बसते आणि विचारत सुटते.

शेठ म्हणाला, "ह्याचा पगार मिळतो का मॅडम?"

"मिळतो की."

"मग आमच्यासाठी पण एखादी जागा बघा. आम्हीही ठरवू बरं-वाईट. बसून!"

सगळे फिदीफिदी हसले. हा शेठ धुलाईच्या मोठ्या यंत्रावर असतो. खिशात दमडी नाही, पण ऐट अशी की लॉन्ड्री ह्याच्याच बापानं बांधली.

आजचा प्रश्न — समजा, तुमच्याबरोबरचा एकजण चादर चोरताना तुम्हाला दिसला. तुम्ही काय कराल?

भावोजी म्हणाले, "आपल्यात कुणी चोरत नाही."

"अहो, समजा."

"समजायचं कशाला? चोरतच नाही!"

भावोजी मुकादम आहेत. ते बोलले की विषय संपतो. कामावरही आणि खोलीवरही. ताईचं लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं मला एक मोठा भाऊ मिळाला. मिळाला खरा, पण तो मला इथं घेऊन आला.

घडीच्या टेबलावरच्या मावशी म्हणाल्या, "आपण कशाला कुणाच्या अध्यात-मध्यात पडा?" शेठ म्हणाला, "आपण तर सरळ कानफटात देणार!"

"आपण म्हणजे सगळे मिळून?"

"छे! आपण म्हणजे मी."

ती स्वतःच हसली. मग म्हणाली, "गंमत बघा हं. मी 'तुम्ही' म्हणून विचारते आणि उत्तर 'आपण' म्हणून येतं. आजवर एकानंही 'मी' म्हटलेलं नाही." आणि एकदम माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगा. तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

मी तोंड उघडायच्या आत भावोजी बोलले. "त्याला काय वाटायचंय! पोरगं आहे ते."

सगळे हसले. मीही हसलो. — मी कशाला हसलो?


४ मार्च, बुधवार

मला स्वतःला काय वाटतं? दिवसभर चादरी ओढता ओढता विचार केला. काहीच वाटलं नाही. भूक लागली.


८ मार्च, रविवार

सुटी. सगळे झोपलेले. मला झोपून राहता येत नाही. पाय हलतात, बोटं वाजतात, खाट करकरते, आणि खालच्या खाटेवरून शेठ लाथ मारतो. "तडतड्या, एका जागी मरून पड की!" तडतड्या हे माझं नाव त्यानंच पाडलंय. आता खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू येतं.

उठून बाहेर पडलो. चौकातल्या बाकावर प्रश्नवाली! एकटीच, पाव खात. मला बघून तिला आनंद झाला. मला बघून आनंद होणारी माणसं इकडे कमी आहेत, म्हणून बसलो.

विचारलं, एवढं विचारून काय सापडतं तुम्हाला? ती म्हणाली, "भांडणं." म्हणे मोठमोठ्या विद्वानांत ह्यावरून शंभर वर्षं जुंपलेली आहे. काही म्हणतात, बरं-वाईट माणसाच्या पोटातून येत नाही. तो ज्यांच्यात वाढतो, राहतो, त्यांचंच बोलणं त्याच्या आत जाऊन बसतं. आणि मग त्याला वाटतं, हे मीच बोलतोय. "म्हणजे तुमच्या तोंडून तुमचं सगळं गाव बोलत असतं. कुणी बघत नसलं तरी आत बसलेले ते बघतात. म्हणून माणूस एकटा असला तरी लाजतो."

"मग मी कुठं राहतो ह्यात?"

खूप हसली. पावाचा ठसकाच लागला तिला. "अहो, तेच तर कुणाला नीट सापडत नाहीये!"

मग म्हणाली, दुसरे काही आहेत, ते म्हणतात की हे खरं आहे, पण आत बसलेल्या त्या सगळ्यांना उलट उत्तर देणाराही कुणीतरी एक आतच असतो. तो आला कुठून हे त्यांनाही धड सांगता येत नाही. पण असतो.

मला तो आवडला. उलट उत्तर देणारा! सातवीत मास्तरांना उलट बोललो म्हणून शाळेबाहेर काढलं. मग कशाला पुन्हा जातोय? ताई अजून म्हणते, तुझी जीभ तुला कुठं नेऊन घालेल देव जाणे.

खोलीवर आलो तर सगळे आंघोळीला गेलेले. कुणी नाही. आरशासमोर उभा राहून जीभ बाहेर काढली, डोळे फिरवले, कुत्र्यासारखा भुंकलो. कान तापले! कुणाची लाज वाटली? खोलीत फक्त खाटा होत्या.

खरंच आहे की बाईचं.


१० मार्च, मंगळवार

इस्त्रीच्या रुळावर भांडण.

दोन तापलेले रूळ. मधून ओली चादर घालायची, पलीकडून कडक होऊन येते. रुळांच्या तोंडाशी एक आडवी दांडी आहे. हात जास्त पुढं गेला की दांडीला लागतो आणि रूळ जागच्या जागी थांबतो. सोय चांगली आहे, पण चादरीची जाड शिवण लागली तरी थांबतो! थांबला की चादरीवर तपकिरी पट्टा. पुन्हा धुवा, पुन्हा पिळा. म्हणून दांडी मागं ओढून चिंधीनं बांधून ठेवतात. कुणी ठरवलं? ठाऊक नाही. मी आलो तेव्हा बांधलेलीच होती. वरचं कुणी पाहायला येणार असलं की भावोजी शीळ घालतात, चिंधी सुटते. ते गेले की पुन्हा बांधलेली. बांधतं कोण? जवळ असेल तो. दांडी बांधतात — एवढंच. जसं दार लावतात, दिवा मालवतात.

आज गुणगुण्यानं सोडली. गुणगुण्या रुळावर चादर घालतो, मी त्याला हाताशी. काम करताना तोंडातल्या तोंडात सूर लावलेला असतो. गाणं नाही, नुसता सूर. काय गातोस विचारलं की दचकतो. "मी? मी कुठं?" त्याला स्वतःला पत्ताच नसतो. आमच्यातला नाही तो, दुसऱ्या कुणाच्या तरी ओळखीनं लागलाय. एकटाच राहतो.

म्हणाला, "मी रुळावर असताना दांडी बांधायची नाही."

भावोजी म्हणाले, "का? इतकी वर्षं बांधतात, काय झालं कुणाला?"

"झालं नसेल. मला नको."

"तुला एकट्यालाच जीव आहे? बाकीचे काय मेलेले आहेत?"

शेठ ओरडला, "नवरदेवाच्या हाताला मेंदी आहे रे! सांभाळा!" सगळे खिदळले. दिवसभर त्याला नवरदेव म्हणत होते. मीही म्हटलं. दोनदा.

तो गुणगुणत राहिला.


१२ मार्च, गुरुवार

गुणगुण्याचा हात गेला. उजवा.

सकाळी त्यानं चिंधी सोडली होती. इस्पितळाच्या चादरी तुंबलेल्या, मालकाचा माणूस दोनदा ओरडून गेलेला, आणि रूळ सारखा थांबत होता. भावोजी तरातरा आले. म्हणाले, "चिंधी दे रे." माझ्या खांद्यावर होती. मी दिली. त्यांनी दांडी ओढून बांधली.  गुणगुण्याचा सूर थांबला.

मग चादरीचा कोपरा दुमडला. तो सरळ करायला गेला.

वासाचं लिहीत नाही.

रूळ उलटा फिरवला तो भावोजींनी. हात बाहेर काढला तोही त्यांनीच. दोन्ही हातांनी, आपलं बोट भाजतंय ह्याची शुद्ध नाही. मी उभा होतो. शेठ धावला, मावशींनी ओल्या चादरी आणल्या. मी उभाच.

चिंधी दांडीला तशीच. सोडायचं कुणाला सुचलं नाही.


१३ मार्च, शुक्रवार

मालकाच्या माणसानं भावोजींना आत बोलावून घेतलं होतं. बाहेर आले ते सरळ आम्हाला चादरींच्या ढिगाऱ्यामागं घेऊन गेले.

"सरकारी तपासणीस येणार आहे. एकेकाला बोलावून विचारणार. 'इथं बांधतातच' असं निघालं तर लॉन्ड्रीला कुलूप. आपण सगळे रस्त्यावर. तेव्हा आपण एकच सांगायचं. त्यानं आपणहून बांधली."

आपणहून! भावोजी असा शब्द वापरत नाहीत. आतून घेऊन आले असणार.

मावशी म्हणाल्या, "पण त्यानं तर सोडली होती हो."

"मावशी, तुम्ही घडीच्या टेबलावर असता. तुम्हाला काय दिसतं तिथून?"

 शेठनं विनोद केला नाही. शेठ विनोद करत नाही तेव्हा खोलीतली हवा काढून घेतल्यासारखं होतं. भावोजींनी एकेकाकडे बघितलं, एकेकानं हो म्हटलं. माझी पाळी आली. मीही म्हटलं, हो.

मघापासून तो शब्द डोक्यात दळतोय. आपण सगळ्यांनी मिळून सांगायचं की त्यानं आपणहून केलं. इथं कुणी काही आपणहून करतं? उठायचं भोंग्यावर. जेवायचं भोंग्यावर. हसायचं तेसुद्धा शेठ हसला की. ह्या सगळ्या गोतावळ्यात एकानंच एक गोष्ट आपणहून केली — त्यानं चिंधी सोडली! आणि आम्ही नेमकं तेवढंच उलटं करून त्याच्या माथी मारणार.

भावोजी जेवले नाहीत. मोरीत हात धूत बसले होते. कितीतरी वेळ.


१५ मार्च, रविवार

इस्पितळात जाऊन आलो. कुणाला सांगितलं नाही. (कागदाला सांगतोय तेवढंच.)

खाटेवरची चादर आमची होती. कोपऱ्यावर आमचा निळा शिक्का. मीच ओढली असेल. त्यावर तो पडलेला, आणि हात म्हणजे पांढरं गाठोडं. गुणगुण्या गुणगुणत नव्हता. खोलीत एवढी शांतता की मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या खाटेपाशी आलो.

म्हणाला, "आलास? बरं झालं. बस."

बसलो.  दुखतं का विचारलं. म्हणाला, "नसलेली बोटं दुखतात. असलेली नाही. आहे की नाही मजा!"

मग म्हणाला, "एकजण येऊन विचारून गेला. दांडी तुम्ही बांधली का? म्हटलं, नाही हो, मी तर सोडत होतो. त्यानं मान हलवली. मान काय, कुणीही हलवतं. मी बांधली असं ठरलं ना, तर ते माझं काही देणं लागत नाहीत. वर निष्काळजी म्हणून शेरा. डाव्या हाताच्या निष्काळजी माणसाला कोण ठेवून घेईल? तूच सांग."

मी मान हलवली. कुणीही हलवतं तशी.

"तू तिथंच होतास. तू बघितलंस. एवढं सांग त्यांना. बास."

"हो."

निघालो तेव्हा हळूच म्हणाला, "आणि घाबरू नकोस हां. चिंधी कुणी दिली ते मी कुणाला बोललेलो नाही. तुझी काय चूक? मागितली, दिलीस."

जिन्यात बसून राहिलो. त्यानं शिवी घातली असती तर बरं झालं असतं.


१७ मार्च, मंगळवार

ताईचा फोन. सातवा लागलाय तिला. श्वास लागतो बोलताना.

"हे फोनवर धड बोलत नाहीत रे. काय झालंय तिकडे? ह्यांच्यावर काही येणार नाही ना?"

म्हटलं, नाही ताई.

"सोन्या, तू काही उलटसुलट बोलू नकोस हं तिथं. तुझी जीभ मला माहीत आहे. माझी शपथ आहे तुला."

"बरं."

"बरं काय? शपथ घे."

नेमका फोन कटला. खरंच कटला, मी कापला नाही. तरी वाटतं मीच कापला.


१८ मार्च, बुधवार

प्रश्नवाली फाटकाशी भेटली. लॉन्ड्रीत तिला आता येऊ देत नाहीत. मी म्हटलं, आज प्रश्न मी विचारतो. समजा, एकजण आहे. त्यानं एक गोष्ट बघितली. खरं सांगितलं तर बहिणीचा संसार मोडतो, आणि ज्यांच्यात राहतो ते सगळे खोटे ठरतात. नाही सांगितलं तर एका माणसाचं आयुष्य संपतं, ज्यानं कुणाचं काही बिघडवलेलं नाही. तर त्यानं काय करावं?

तिनं यंत्र बंद करून झोळीत टाकलं.

"हे समजा नाहीये ना?"

"समजा."

"मी काय करावं ते सांगायला नाही येत हो. मी फक्त ऐकते."

डोकंच फिरलं माझं. म्हटलं, "मग येता कशाला? आमचं बरं-वाईट झोळीत भरून न्यायला? इकडे माणसाचा हात गेला आणि तुम्ही ऐकता!"

रस्त्यावरचे लोक बघायला लागले. ती रागावली नाही. चेहरा मात्र उतरला. म्हणाली, "माझ्याकडे उत्तर असतं तर मी एवढी वर्षं लोकांना विचारत फिरले असते का?" मग चालता चालता म्हणाली, "माणसं घोळक्यात जे सांगतात ना, एकटी भेटली की नेमकं तेच सांगत नाहीत. मग त्यातलं खरं कुठलं धरायचं, ह्यावरच आमची निम्मी भांडणं आहेत."

"खोटारडी असतात माणसं. भांडायचं काय त्यात?"

"तुम्ही पण?"

"मी उलट बोलणारा आहे," मी म्हटलं.

बोलताना बरं वाटलं. छाती फुगली अगदी.


१९ मार्च, गुरुवार

ठरलं. सांगणार.

उद्या तपासणीस येतोय. मोरीत जाऊन, नळ सोडून म्हणून बघितलं. "मी बघितलं. चिंधी मी दिली. दांडी भावोजींनी बांधली." पहिली दोन वाक्यं येतात. तिसऱ्याला 'मुकादमांनी' म्हणावं की 'भावोजींनी'? मुकादमांनी म्हटलं तर सोपं जातं. पण माझ्याशी बोलताना ते भावोजी, आणि चिंधी मागितली तीही भावोजींनीच. मेहुण्याकडं मागितल्यासारखी मागितली. घरच्यासारखी.

बाहेर शेठ दार बडवतोय. "तडतड्या, आत काय भाषण चाललंय?"

ताई, मी शपथ घेतलेली नाही. फोन कटला होता.

भीती वाटतेय. पण ती माझी आहे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी माझं एकट्याचं वाटतंय.


२० मार्च, शुक्रवार

मालकाच्या खोलीबाहेर लांब बाक. ओळीनं सगळे. दार बंद, आत तपासणीस एकटा. आत जाणारा एकटा. मी सगळ्यांत शेवटी, नवा म्हणून.

भावोजी पहिले. बराच वेळ लागला त्यांना. बाहेर आले ते मान खाली. माझ्यासमोरून गेले, बघितलंच नाही माझ्याकडे. नेहमी जाता जाता टपली मारतात. बोटाची पट्टी सुटून लोंबत होती. म्हणजे झालं त्यांचं. सांगितलं ठरल्याप्रमाणे.

मावशी पदर तोंडाला लावून बाहेर आल्या. खोटं बोलायची सवय नाही बिचाऱ्यांना. शेठ आला, भिंतीकडे बघत निघून गेला, ऐट पार गळालेली. त्याच्यामागून बाकीचे. सगळ्यांचे चेहरे सारखे, अगदी एकाच रुळातून काढल्यासारखे. बाकावर मी सरकत सरकत पुढं येत होतो, आणि माझ्या पुढची जागा रिकामी होत होती.

तेव्हा कळलं. ह्या सगळ्यांनी एक सांगितलं. आता मी आत जाऊन दुसरं सांगणार. म्हणजे ह्या सगळ्यांना — मावशींना, शेठला, भावोजींना — खोटं पाडणारा मी! ताईला कळणार. भावोजी आत जाणार. आणि माझं कोण ऐकणार? इतक्या जणांसमोर एकटा, सातवीतून हाकललेला!

आत गेलो. तपासणीस म्हातारा, सर्दी झालेला. सारखं नाक पुसत होता. बस म्हणाला. पाणी दिलं. म्हणाला, "तुमचं नाव मालकाला कळत नाही. अहवालात जबाबापुढं नाव नसतं. तेव्हा मोकळेपणी सांगा. दांडी कुणी बांधली?"

मोरीतलं पहिलं वाक्य जिभेवर होतं. मी. मी बघितलं.

आणि ते सगळे आत येऊन बसले! ताई पोटावर हात ठेवून. भावोजी. मावशी. आई. शाळेतले मास्तरसुद्धा! नुसते बघत होते. गुणगुण्याही होता. पण तो मागं होता, आणि पुढच्यांच्या डोक्यांआडून मला नीट दिसेना. उलट उत्तर देणाऱ्याला शोधलं मी. हाका मारल्या म्हटलं तरी चालेल. कुणी आलं नाही.

"त्यानं आपणहून बांधली," मी म्हटलं.

तपासणीसानं नाक पुसायचं थांबवलं. "आपणहून?"

"आपणहून."

"तुम्ही हाताशी होतात ना त्याच्या? नक्की बघितलंत?"

"हो."

माझ्याकडे बघत राहिला म्हातारा. असं का बघावं त्यानं? मग "बरं" म्हणाला आणि लिहिलं.

बाहेर आलो. बाकावर कुणीच नव्हतं.


२१ मार्च, शनिवार

रात्री झोप लागली. चांगली लागली. ह्याचाच राग येतोय.


२२ मार्च, रविवार

इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेलो. तिथं आमची गाडी उभी होती, धुतलेल्या चादरी उतरवत होते. मागं फिरलो.

एक गोष्ट नीट विचार करून लिहितोय. मी एकट्यानं खरं सांगून काही झालं असतं का? काही नाही. इतक्यांचं एक आणि माझं एक, तर कुणाचं धरतील? म्हणजे गुणगुण्याचं जे व्हायचं तेच झालं असतं, वर भावोजी गेले असते. म्हणजे माझ्या बोलण्यानं काहीच बदललं नाही. म्हणजे मी काही केलंच नाही. झालं ते. दांडी बांधतात तसंच.

लिहिल्यावर जरा बरं वाटलं. प्रश्नवाली भेटली तर सांगेन तिला — तुमचे ते पहिले विद्वान बरोबर आहेत. दुसऱ्यांना म्हणावं, तुमचा तो उलट बोलणारा दाखवा एकदा. मी आत हाक मारून आलोय. घर रिकामं आहे.

चौकात बघितलं. बाकावर नव्हती.


२३ मार्च, सोमवार

रुळावर आता मी. गुणगुण्याच्या जागी. दांडी मोकळी आहे, वरून हुकूम आलाय. रूळ सारखा थांबतो, चादरींवर पट्टे पडतात, आणि कुणी ओरडत नाही. भावोजी तर दिसतच नाहीत. मालकाच्या खोलीत असतात नाहीतर मोरीत. माझ्याशी बोलत नाहीत. कुणीच कुणाशी बोलत नाही. डबे उघडतात, डबे बंद होतात.

समजतं मला. एकमेकांकडे बघितलं की सगळ्यांना तेच आठवतं.


२६ मार्च, गुरुवार

भावोजींना काढलं. संध्याकाळी खोलीवर आले आणि उंबऱ्यातच बसले. म्हणाले, "दांडी मी बांधली. तपासणीसाला तेच सांगितलं, आज मालकाच्या तोंडावरही सांगितलं. त्याचा हात ह्या हातांनी बाहेर काढलाय रे मी. नाही जमलं मला. तुम्हाला खोट्यात पाडलं, माफ करा."

शेठ उठून उभा राहिला. "मुकादम, मी पण खरंच सांगितलं! वाटलं, तुम्ही सगळे ठरल्याप्रमाणे बोलाल, मी एकटा पडेन. म्हटलं, पडलो तर पडलो." मग कोपऱ्यातला एकजण. मग दुसरा. डबे द्यायला आलेल्या मावशी तर रडायलाच लागल्या, "अगं बाई, मला वाटलं मी एकटीच!" सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणि सगळे हसतायत.

भावोजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू सांगितलं असणारच. तुझी जीभ कधी ऐकते का कुणाचं?"

मी मान हलवली.

मग म्हणाले, "पण 'त्यानं आपणहून बांधली' असाही जबाब अहवालात आहे म्हणे, मला वाटलं तुम्हा सगळ्यांचाच. मग तो एक कुणाचा ते कळत नाही. मालकानं तेवढाच धरून ठेवलाय. म्हणतो, त्या जबाबाच्या बळावर कोर्टात वर्षानुवर्षं खेळवीन. गुणगुण्याला एक पैसा मिळू देणार नाही."

खोली गार झाली. मग शिव्या सुरू झाल्या. कोण असेल तो हरामखोर? कुणाच्या पोटचा?

मीही एक घातली. सगळ्यांत मोठ्यानं.